कार्तिक वद्य सप्तमी

देवासच्या एका धर्मादाय प्रसूतिगृहात मी अकरा वर्षं कार्डं लिहिली. मी नर्स नव्हते आणि धड क्लार्कही नव्हते. दारातून आत आलं की उजव्या हाताला एक टेबल, त्यावर रजिस्टर, मागे भिंतीवर खिळ्याला पंचांग आणि खुर्चीत मी. नवीन बाई आली की तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आधीची बाळंतपणं आणि शेवटची पाळी कधी आली ती तारीख, एवढं कार्डावर उतरवायचं आणि तिला आत डॉक्टरबाईंकडे पाठवायचं. काम सोपं होतं. मला त्याचा गर्व होता हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या गर्वाशीच येऊन भिडतं.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. गर्भपाताचं रजिस्टर कुलपात ठेवायचं, त्यातलं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं कायदाच सांगतो. ती सवय हाताला लागली ती अजून सुटलेली नाही.

गर्व कशाचा, तर तिथीची तारीख करण्याचा. बागली, पीपलरावां अशा आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायकांना इंग्रजी तारीख ठाऊक नसे. त्या सांगत, ‘पूस सुदी ग्यारस’ नाहीतर ‘फागुन बदी चौथ’; सुदी म्हणजे शुद्ध, बदी म्हणजे वद्य. मी न वळता मागे हात घालून पंचांग काढी, दोन पानं उलटवी आणि तारीख लिही. बाई पुढचं वाक्य बोलेपर्यंत माझं झालेलं असे. डॉक्टरबाई मूळच्या ग्वाल्हेरकडच्या, कडक, कमी बोलणाऱ्या. त्यासुद्धा कधी खुशीत असल्या की नव्या नर्सला म्हणत, “तारीख इनसे पूछो, ये तो चलता-फिरता पंचांग हैं।” मी मान खाली घालून लिहीत राही, पण ते ऐकायला आवडे.

पंचांग उज्जैनकडचं होतं. चौकातला एक दुकानदार दरवर्षी आणून द्यायचा. माझ्या घरी, म्हणजे धारला, वेगळं पंचांग असे. माझे आजोबा धार संस्थानच्या नोकरीत होते. वडील शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतर एका देवळात तिथी-वार, उत्सव, एकादश्या हे सगळं तेच सांभाळत. आमचं पंचांग पुण्याहून टपालाने यायचं. लहानपणी मी वाचायला शिकले ती आधी त्या पंचांगातून, शाळेत हिंदी आली ती नंतर. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. तो येऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरची सही पुरे. बारा ते वीस आठवडे असतील तर दोन डॉक्टरांचं एकमत पाहिजे. कारणं ठरलेली होती, आणि त्यांत एक असं होतं की मूल जन्मलं तर त्याला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका आहे. वीस आठवड्यांनंतर मात्र बाईचा जीवच धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर नाही. व्यंग कितीही मोठं असो, विसावा आठवडा संपला की विषय संपला. आमच्या प्रसूतिगृहाला या कामाची सरकारी मान्यता होती आणि तिचा कागद डॉक्टरबाईंच्या खुर्चीमागे काचेत लावलेला होता.

कायदा आठवड्यांत बोलतो, बायका महिन्यांत बोलतात, आणि मधे माझं कार्ड. त्यामुळे कार्डावरच्या तारखेला फार किंमत आली होती. लोक तारखा बदलून आणत. आधी एक सांगत, आत जाऊन ‘नाही’ ऐकलं की बाहेर येऊन म्हणत, चुकलं, पुढच्या महिन्याची लिहा. कुणी रडे, कुणी दमदाटी करी. एकदा एका वकिलाने माझ्या टेबलावर मूठ आपटली. तेव्हा मीच डॉक्टरबाईंना सुचवलं की पहिल्या भेटीत कार्डावर जी तारीख पडेल तीच कायम, नंतर कुणी काहीही म्हणो. त्यांनी लगेच मानलं. सूचनाफलकावर हिंदीत पाटी लागली. अक्षर माझं होतं.

रंगपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. बायकांच्या कानामागे अजून गुलाबी रंग होता. कारखान्याच्या कॉलनीतल्या दोघी आल्या. थोरली माझ्या ओळखीची होती. साताऱ्याकडची, नवरा फिटर, तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. ते मूल दीड दिवस जगलं होतं. नंतर तिला दिवस राहिले नव्हते, पण संक्रांतीला ती न चुकता मला तिळगूळ आणून द्यायची. मी तिला वहिनी म्हणे. तिच्याबरोबर होती ती तिची शेजारीण, तेवीस-चोवीस वर्षांची, कराडजवळच्या खेड्यातली. वहिनींनी तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

“चार महिने लपवलंय हिने,” वहिनी म्हणाल्या. “नवऱ्याला सुद्धा होळीला सांगितलं.”

“का लपवलं?” मी विचारलं.

धाकटी बोलली ती माझ्याकडे न बघता. तिचं पहिलं मूल गावी झालं होतं. पूर्ण दिवस भरले, सगळं यथासांग झालं, सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, सुइणीने मूल बाहेर काढलं आणि ओरडून मागे सरली. “डोळे होते,” ती म्हणाली. “भुवयांच्या वर काही नव्हतं. टाळूच नव्हती. तासभर हलत होतं.” घरच्यांनी तिला पाहू दिलं नव्हतं, पण तिने फडकं उचलून पाहिलं होतं. आता दुसऱ्यांदा दिवस गेले तर कुणाला सांगायचीच भीती वाटत होती. सांगितलं की खरं होईल, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

मी लिहून घेतलं. अशा गोष्टी लिहिताना माझं अक्षर बिघडत नसे. मग नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटची पाळी कधी?

“कार्तिक वद्य सप्तमी,” ती म्हणाली. तिच्या घरी बाजूला बसायची पद्धत होती, त्यामुळे तिथी तोंडपाठ.

मी मागे हात घातला, कार्तिक कृष्ण सप्तमी काढली आणि तारीख लिहिली. त्याच पानावर चार बोटं खाली दिवाळी छापलेली होती. मला ती दिसली असणारच.

आत डॉक्टरबाईंनी हिशेब केला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “इक्कीस हफ्ते पूरे हो गए। इतनी देर से क्यों आई?” धाकटी म्हणाली, मला तर आत्ता पाचवा लागतोय. डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं. हाताला थोडं मोठंच लागलं. अशा गर्भाला कधीकधी पाणी जास्त असतं, पण ते तेव्हा कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं, कारण कार्ड आणि हात यांचं जमत होतं. पहिल्या मुलाची हकिगत ऐकून त्यांनी तिला इंदूरला पाठवलं. तिथे सोनोग्राफीचं मशीन नवीनच आलं होतं.

चार दिवसांनी दोघी रिपोर्ट घेऊन आल्या. तोच प्रकार होता. कवटी तयार झालेलीच नव्हती. आठवड्यांचा रकाना मोकळा होता. डॉक्टरबाईंनी मला समजावलं की मशीन आठवडे मोजतं ते डोक्याच्या रुंदीवरून, आणि इथे मोजायला डोकंच नाही. म्हणजे किती आठवडे झाले हे सांगणारं या जगात एकच होतं, ते माझं कार्ड.

“बीस के अंदर होती तो मैं आज ही कर देती,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अब नहीं कर सकती। पूरे दिन करने पड़ेंगे।”

धाकटीने विचारलं, “आणि मग?” म्हणजे पूर्ण दिवस करून मग काय. डॉक्टरबाईंना मराठी कळत नव्हतं, पण तेवढं कळलं. त्यांनी रिपोर्ट कार्डाला टाचला.

बाहेर बाकावर ती बराच वेळ बसून होती. रडली नाही. एकदा वहिनींना म्हणाली, “मी परत नऊ महिने नाही. जीव देईन, पण नऊ महिने नाही.” वहिनी माझ्या टेबलाजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की रेल्वे फाटकापलीकडे एक बाई आहे, ती पाचव्या-सहाव्यातही मोकळं करते, ही तिथे जायचं म्हणतेय. त्या बाईच्या हातून आलेल्या दोघींना मी आमच्याकडे शेवटच्या घटका मोजताना पाहिलं होतं. मी म्हणाले, “तिला पाडव्यापर्यंत थांबवा.” पाडवा का, ते मलाही माहीत नव्हतं. पाच दिवसांवर होता आणि मला सुट्टी होती, एवढंच. काहीतरी मुदत द्यायची म्हणून दिली.

पाडव्याला मी धारला गेले. गुढी उभारली, कडुनिंबाची चटणी खाल्ली आणि दरवर्षीप्रमाणे वडील नवं पंचांग घेऊन पाटावर बसले. संवत्सराचं नाव, पाऊसपाणी, संक्रांतीचं वाहन, सगळं मोठ्याने वाचलं. समोर आळीतली मंडळी बसलेली. त्यांत नेहमीप्रमाणे शेजारचे माळवी शेठजीही होते. वडिलांचा एक विनोद ठरलेला होता. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तो ऐकत आले होते. ते चष्मा वर करून शेठजींना म्हणाले, “भिया, आपला चैत्र आत्ता जन्मला. तुमचा पंधरा दिवसांचा होऊन रांगायला लागला.”

शेठजी हसले. सगळे हसले. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो. माळव्यातल्या इतरांचा पौर्णिमेला संपतो. शुद्ध पंधरवडा दोघांचा एकच, पण वद्य पंधरवडा आम्ही महिन्याच्या शेवटी धरतो आणि ते सुरुवातीला. त्यामुळे आमची कार्तिक वद्य सप्तमी येते दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न आटोपून आठवडाभराने. त्यांची कार्तिक बदी सातम येते दिवाळीच्याही आधी. दोहोंमध्ये अख्ख्या एका महिन्याचं अंतर. मराठी बाईने सांगितलेली तिथी मी उज्जैनच्या पंचांगात शोधली होती. माळवी बायकांच्या तिथ्या काढून काढून हात इतका सरावला होता की समोर कोण बसलंय हे हाताला कळलंच नाही.

मी न्हाणीघरात जाऊन बोटांवर मोजलं. कार्तिकाच्या सप्तमीपासून चार महिने आणि वर नऊ दिवस. अठरा आठवडे आणि एक दिवस. पाचवा लागला होता, ती म्हणत होती तसाच. वीस आठवडे पुरे व्हायला तेरा दिवस होते.

आनंद व्हायला हवा होता, पण मला आधी भीती वाटली. तारीख बदलणार कशी? पाटी माझी, नियम माझा, आणि आता ‘नाही’ ऐकल्यावर बदललेली तारीख घेऊन जाणारही मीच. डॉक्टरबाई म्हणणार, दया आली वाटतं. दुसरा विचार त्याहून वाईट होता. मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नव्हतं. मूल कार्डाच्या महिनाभर नंतर झालं असतं आणि डॉक्टरबाईंनी स्वतःच सांगितलं असतं की असली बाळंतपणं लांबतातच. त्यांनी तसं एकदा म्हटलेलंही होतं. गप्प बसण्याचा विचार धारपासून इंदूरपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून होता. मी त्याला उठवलं नाही, हेही कबूल करते. इंदूरला बस बदलताना एक गर्भार बाई पायऱ्या चढत होती आणि तिचा हात धरायला कुणी नव्हतं म्हणून मी धरला. तिने विचारलं, “बेनजी, कै टैम हुयो?” मी घड्याळ पाहून वेळ सांगितली, आणि तिने ती लगेच खरी मानली.  देवास येईपर्यंत ठरलं होतं की सांगायचं.

पण सांगून भागणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं. दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालची लाकडी खोकी काढली. जुनी कार्डं त्यांत वर्षावार बांधलेली असत. मी आडनावांवरून मराठी बायका वेगळ्या काढल्या. बहुतेक कॉलनीतल्या, शिकलेल्या, इंग्रजी तारखा सांगणाऱ्या. तिथी सांगितलेल्या सातच निघाल्या, कारण तिथी मी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवत असे. सातांपैकी तिघींच्या तिथ्या शुद्ध पक्षातल्या होत्या. तिघीही कार्डाच्या तारखेच्या आसपास बाळंत झाल्या होत्या. चौघींच्या तिथ्या वद्य होत्या. त्यांतल्या तिघींना कार्डाच्या तारखेनंतर जवळजवळ महिन्याने कळा आल्या होत्या. तिघींच्या कार्डावर डॉक्टरबाईंनी लाल शाईने एकच शेरा मारला होता, ‘तारीख विश्वसनीय नहीं’. म्हणजे त्या बायकांना आठवत नाही, असा अर्थ. त्यांना बरोबर आठवत होतं.

चौथं कार्ड वहिनींचं होतं.

ते मी बराच वेळ हातात धरून बसले. वैशाख वद्य नवमी. मी महिनाभर आधीची तारीख लिहिलेली. वहिनींचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, कार्डाप्रमाणे नववा संपत आला होता, तेव्हा थांबण्यापेक्षा ड्रिप लावून कळा आणलेल्या बऱ्या, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं. कार्ड खरं असतं तर ते बरोबरच होतं. मूल झालं ते साडेतीन पौंडांचं. श्वास घेताना त्याच्या फासळ्या आत जात. दीड दिवसाने गेलं. कार्डावर शेरा होता, ‘पूरे दिन का, कमज़ोर। माँ का आहार ठीक नहीं।’

आणि मला आठवलं. ड्रिप लावायला नेताना वहिनींनी माझ्या टेबलापाशी थांबून विचारलं होतं, “ताई, माझा नववा आत्ता लागलाय ना?” मी कार्ड पाहिलं होतं आणि म्हणाले होते, “नाही हो, संपतोय.”

सातही कार्डं आणि दोन पंचांगं घेऊन मी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. एक उज्जैनचं, एक धारहून आणलेलं पुण्याचं. त्या आधी चिडल्या. “रूल तुमने ही बनवाया था,” म्हणाल्या. “अब तुम ही तारीख बदलने आई हो?” मी दोन्ही पंचांगं उघडून समोर ठेवली. तीन शुद्ध कार्डं डावीकडे ठेवली, तीन वद्य उजवीकडे, आणि प्रत्येकीची तारीख दोन्ही पंचांगांत काढून दाखवली. त्या हुशार होत्या, तिसऱ्या कार्डाला त्यांना सगळं समजलं. धाकटीचं कार्ड ओढून त्यांनी स्वतः आठवडे मोजले. “अठारह,” म्हणाल्या. चेहरा उजळला. मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या सातव्या कार्डाकडे गेलं. मी ते खाली ठेवलं नव्हतं.

“वो कौन-सा है?”

ते दाखवलं नसतं तरी चाललं असतं. बाकीच्या सहांनी काम झालं होतं. मी दाखवलं.

त्यांनी ते वाचलं, बोटांनी मोजलं, पुन्हा वाचलं. “चौंतीस हफ्ते,” त्या म्हणाल्या. “ड्रिप मैंने लगाई थी।”

“तारीख मैंने लिखी थी,” मी म्हणाले.

 मला वाटलं आता मला घरी पाठवतील. त्या म्हणाल्या, “फॉर्म लाओ।” मी फॉर्म आणला आणि त्यांनी सही केली. वहिनींचं कार्ड त्यांनी परत दिलं नाही. आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं, आणि त्यांची बदली होईपर्यंत ते तिथेच होतं. पाटीही त्यांनीच काढून टाकली.

दुसरी सही इंदूरहून दर गुरुवारी येणाऱ्या वयस्क डॉक्टरांची हवी होती. मला वाटलं तिथे पुन्हा सगळं मांडावं लागणार. पण ते इंदूरचे जुने मराठी निघाले. दोन पंचांगं शेजारी शेजारी पाहूनच हसायला लागले. “अहो, आमच्या धाकट्या सूनबाई उत्तरेकडच्या. तिने घरातल्या तिथ्या तिच्या कॅलेंडरवर मांडून दिल्या आणि आम्ही वडिलांचं श्राद्ध एक महिना आधी जेवलो.” हसत हसतच रिपोर्ट वाचायला घेतला आणि मग हसू थांबलं. धाकटीला आत बोलावून त्यांनी मराठीत विचारलं की तिची स्वतःची इच्छा आहे ना. ती म्हणाली, आहे. तिला एकोणिसावा आठवडा चालू होता. कायद्याने तिची एकटीची सही पुरे होती. आम्ही नवऱ्याचीही घेत असू, ती आमची पद्धत होती, कायद्याची नव्हे. नवरा कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायच्या घाईत होता. उभ्या उभ्याच सही करून गेला.

तिला शुक्रवारी दाखल केलं. औषधाने कळा आणल्या. शनिवारी दुपारी मोकळी झाली. या वेळी तिने फडकं उचलून पाहिलं नाही. रविवारी सकाळी वहिनी तिच्यासाठी मऊ भात घेऊन आल्या आणि ती दोन्ही वेळा पोटभर जेवली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “वाचले मी.” एवढंच. मला खूप बरं वाटलं. ते बरं वाटणं खरं होतं आणि आजही मी ते कमी करून सांगणार नाही. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, धडधाकट, गोल डोक्याची. ते कार्डही मीच लिहिलं.

पण त्या रविवारी ती गेल्यावर वहिनी मागे राहिल्या. डबा धुऊन आणला, पुसला, पिशवीत घातला. मग समोरच्या स्टुलावर बसल्या. काय चूक झाली होती ती धाकटीने त्यांना सांगितली होती. वद्य पक्षाची. ती सगळ्यांना सांगत होती, तिच्या दृष्टीने ती सुटकेची गोष्ट होती.

“ताई, माझी तिथी वैशाख वद्य नवमी होती,” वहिनी म्हणाल्या.

“हो.”

“मी मोजलं काल रात्री. आठच होतात.”

“हो.”

मला वाटलं त्या ओरडतील. मला तेच हवं होतं. त्या पिशवीच्या बंदाशी खेळत राहिल्या. म्हणाल्या, “मला सगळे म्हणाले, तू खाल्लं नाहीस. डॉक्टरबाई म्हणाल्या. सासूबाई तार मिळताच आल्या, त्यांना कार्डावरचं वाचून दाखवलं, तेव्हापासून त्याही तेच म्हणतात. पाहुणे आले की म्हणतात. जेवताना म्हणतात. मी खात होते हो ताई. डाळिंबं खात होते.” मग त्या उठल्या. “तुम्ही एकदा घरी येऊन हे सासूबाईंना सांगाल? मी सांगितलं तर खरं वाटायचं नाही.”

माफी मी मागितली होती की नाही, मला आठवत नाही. मागितली असेल तर ती त्यांच्या कानात शिरली नाही. त्यांना माफी नको होती, साक्ष हवी होती.

मी पुढच्या रविवारी गेले. दोन खोल्यांचं क्वार्टर, बाहेर तुळस. सासूबाई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. धाकटीही येऊन उंबऱ्यापाशी बसली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत. मी सगळं सांगितलं. आमचा महिना, त्यांचा महिना, दोन पंचांगं, माझा हात. सासूबाईंचं निवडणं थांबलं नाही. मला वाटलं, ऐकतच नाहीयेत. पण मी ‘वैशाख वद्य नवमी’ म्हणाले तेव्हा त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. अशा हिशेबात या बायकांचा हात कुणी धरणार नाही. अंगठा आठव्या पेरावर थांबला आणि तिथेच राहिला.

“आठ,” त्या म्हणाल्या.

 त्यांनी सुनेकडे पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मग तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता, पाहुण्याला गाव विचारावं तसा.

“तुम्ही धारच्या ना? देवळाच्या मास्तरांच्या?”

“हो.”

“मग तुमच्या घरी पंचांग नव्हतं का?”

“होतं,” मी म्हणाले.